प्लम: एक वर्ष फांद्या मोडेपर्यंत फळं, पुढच्या वर्षी झाड मोकळं

तक्रार जवळजवळ नेहमी याच क्रमाने येते. एका वर्षी प्लमच्या झाडावर पानांपेक्षा फळंच जास्त दिसतात. पिकायला पंधरा दिवस उरलेले असताना एखादी मोठी फांदी बेचक्यातून फाटते. उरलेली फळं बारीक आणि आंबट राहतात, एकमेकांना चिकटलेली सडतात. पुढच्या वर्षी फूल नावापुरतं. मग झाड बिघडलं असं समजून जोरदार छाटणी होते, तिच्यावर पुरुषभर उंचीचे पानसोट, म्हणजे सरळ वर जाणाऱ्या जोमदार काड्या, फुटतात आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच लगड.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: फळांची संख्या वेळेत कमी झाली नाही. निम्मं काम छाटणीने होतं आणि निम्मं हाताने केलेल्या विरळणीने. विरळणी चुकवून नुसती छाटणी वाढवली की तक्रार आणखी पक्की होते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं.

आधी निदान: फूलच नाही, की फूल येऊन गेलं?

झाड रिकामं आहे एवढ्यावरून उपाय ठरत नाही. बहराच्या काळात दोन मिनिटं झाडाखाली उभं राहून बघायचं.

फूलच आलं नसेल, तर फुलकळ्या मागच्या हंगामात तयारच झाल्या नाहीत, किंवा तयार झालेल्या छाटणीत कापून टाकल्या. कारणं ठरलेली आहेत: मागच्या वर्षीचा जादा भार, फांद्यांच्या दाटीमुळे आत पडलेली सावली, जादा नत्र, चुकीच्या जागी चाललेली कात्री. झाड अजून लहान असेल तर ती तक्रारच नाही, लावल्यापासून फळायला साधारण 3 ते 6 वर्षं लागतात. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तरी फूल कमी येतं, पण तेव्हा पालवीही उशिरा आणि तुटक तुटक फुटते. पालवी वेळेवर आणि भरगच्च असून फूल नसेल, तर थंडीला दोष देऊ नका.

फूल भरपूर आलं आणि फळ धरलंच नाही, तर विरळणी-छाटणीचा संबंध नाही. एक तर फुलं थंडीने मेली, किंवा परागीभवन झालं नाही. थंडीची शंका असेल तर आठ-दहा फुलं नखाने किंवा ब्लेडने उभी चिरून मधला स्त्रीकेसर बघा. हिरवट असेल तर जिवंत, तपकिरी-काळा पडला असेल तर ते फूल गेलं. पाकळ्या मात्र दोन्हीकडे पांढऱ्याशुभ्र दिसतात, म्हणून लांबून बघून फसगत होते. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे 2 अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास मिळाला तर साधारण दहातलं एक मरतं, उणे 5 च्या आसपास दहातली नऊ. परागीभवनाचं म्हणाल, तर बहुतेक जपानी प्लमना जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. युरोपीय जातींपैकी व्हिक्टोरिया, स्टॅन्ली यांसारख्या बऱ्याच जाती एकट्याने फळतात. जपानी झाडासाठी युरोपीय सोबती लावून उपयोग नाही: त्यांचा बहर सहसा एका वेळी येत नाही, आणि गुणसूत्रांच्या संख्येतही दोघांत मोठा फरक आहे.

फळ धरलं आणि वाटाण्याएवढं होऊन गळलं, तर बहुतेक वेळा ती नैसर्गिक गळ असते. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बी न धरलेली फळं पडतात आणि पुढे आणखी एक गळ होते. पडलेल्या फळांना बारीक भोक आणि आत अळी किंवा ओली घाण दिसली तर मात्र कीड आहे. ती फळं रोज गोळा करून झाडापासून लांब नष्ट करायची.

इथून पुढचं सगळं पहिल्या प्रकारासाठी आहे: एक वर्ष लगड, पुढच्या वर्षी फूलच नाही.

हे चक्र का फिरतं

पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या या वर्षीच, झाडावर फळं असताना, घडायला लागतात. वाढणाऱ्या बियांमधून जिबरेलिन नावाची संप्रेरकं बाहेर पडतात आणि ती जवळच्या डोळ्यांना फुलकळी होऊ देत नाहीत. भरीला पानांनी बनवलेली साखरही फळंच ओढून घेतात. म्हणजे हजार फळांच्या झाडावर फळाच्या हजार बिया 'पुढच्या वर्षी फूल नको' असा निरोप धाडत बसलेल्या असतात. पुढच्या वर्षी झाड रिकामं, त्यामुळे अडवायला कुणी नाही, आणि जवळपास प्रत्येक डोळा फुलकळी होतो. चक्र एकदा लागलं की आपोआप थांबत नाही. एखाद्या वर्षी थंडीने सगळं फूल गेलं आणि तिथून हे सुरू झालं, असंही बऱ्याचदा होतं.

यातून विरळणीचा खरा मुहूर्त कळतो. पिकायच्या तोंडावर फळं काढली तर फांदी वाचेल, पण बियांचा निरोप केव्हाच पोचलेला असतो. पुढच्या वर्षाचं फूल वाचवायचं असेल तर फळ सुपारीएवढं व्हायच्या आत निम्मी माणसं पंगतीतून उठवावी लागतात.

झाड कोणत्या गटाचं आहे

छाटणीचं निम्मं उत्तर इथे आहे, आणि बहुतेक सल्ले हा फरक न करताच दिलेले असतात.

जपानी प्लम, म्हणजे प्रुनस सॅलिसिना आणि तिच्या संकरातून आलेल्या जाती: फळ मोठं, गोल किंवा हृदयाकृती, रसाळ. ल्यूथर बरबँक यांनी 1906 मध्ये आणलेली सांता रोझा ही यातली सगळ्यांना ठाऊक असलेली जात. ही झाडं एक वर्षाच्या काडीवरही फळतात आणि जुन्या लाकडावरच्या आखूड फळकाड्यांवर, म्हणजे स्परवरही. एकेका कळीतून दोन-तीन फुलं येतात, त्यामुळे भार नेहमी गरजेच्या कितीतरी पट. यांना छाटणी जास्त लागते आणि सोसतेही.

युरोपीय प्लम, म्हणजे प्रुनस डोमेस्टिका: फळ बहुधा लांबट, गर घट्ट, सुकवायला चांगलं. फळ मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या स्परवर. एका कळीतून एक किंवा दोन फुलं. यांना छाटणी कमी. काड्यांचे शेंडे सरसकट कापत गेलात तर स्पर बनायला लाकूडच उरत नाही.

कळी ओळखायला शिकणं फार कठीण नाही. फुलकळी फुगीर आणि बोथट, पानाचा डोळा सडपातळ आणि टोकदार. प्लमच्या फुलकळीत फक्त फूल असतं, पान नसतं. म्हणून काडी कापताना कापाच्या लगेच खाली पानाचा डोळा असायलाच हवा. नुसत्या फुलकळीवर कापलेली काडी फळ देईलही, पण पुढे फुटणार नाही, तिथून मागे वाळत येईल.

विरळणी: कधी, किती, कशी

एकाच फेरीत काम उरकण्यापेक्षा दोन फेऱ्या बऱ्या.

पहिली फेरी फळ 1 ते 1.5 सेंटीमीटरचं असताना. यात अंतर मोजत बसायचं नाही, फक्त घोस फोडायचे. तीन-चार फळं एकत्र असतील तिथे एक ठेवायचं, फार तर दोन. वेडंवाकडं, डागी, भोक पडलेलं आणि फांदीच्या पोटाला सावलीत लटकणारं फळ आधी जातं.

दुसरी फेरी नैसर्गिक गळ ओसरल्यावर, पण कोय कडक व्हायच्या आत. ही वेळ ओळखायची सोपी खूण: चार-पाच फळं सुरीने आडवी कापून बघा. पातं कोयीतून सहज गेलं तर वेळ आहे. पातं अडलं, कर्रकन आवाज आला, तर कोय धरायला लागली. प्लमचं फळ तीन टप्प्यांत वाढतं: आधी पेशींची संख्या वाढते, मग फळ बाहेरून थांबल्यासारखं दिसतं आणि आत कोय घट्ट होते, शेवटी पेशी फुगून फळ भरतं. पहिल्या टप्प्यात फळं कमी केली तर उरलेल्या प्रत्येकाला जास्त पेशी मिळतात. कोय धरल्यावर केलेल्या विरळणीने आकारात पडणारा फरक बराच कमी, आणि पुढच्या वर्षीच्या कळीला जवळपास काहीच मिळत नाही. लवकर पिकणाऱ्या जातींना दिवस मुळातच थोडे असतात, त्यांची दुसरी फेरी नैसर्गिक गळीची वाट न बघता उरकावी.

अंतर किती? मोठ्या फळांच्या जपानी जातींना दोन फळांत 10 ते 15 सेंटीमीटर. मध्यम आणि लहान फळांच्या युरोपीय जातींना 5 ते 8 सेंटीमीटर, किंवा दर 15 सेंटीमीटरला एक जोडी. सुकवायच्या किंवा मुरंब्याच्या बारीक जाती आकारासाठी विरळल्या नाहीत तरी चालतं, फांदीवरचं वजन मात्र तिथेही बघायचं. हाताची वीत 20 सेंटीमीटरच्या आसपास धरा. मोठ्या जातीला एका वितीत दोन फळं, असं ध्यानात ठेवलं की झाडावर चढून पट्टी काढावी लागत नाही.

अंतर ही सरासरी आहे, फांदीवर ते सारखं ठेवायचं नाही. जाड, उन्हात असलेल्या, भरपूर पानं असलेल्या भागात दोन फळं थोडी जवळ चालतील. पेन्सिलीपेक्षा बारीक, लोंबत्या काडीच्या शेवटच्या टोकावर एकही नको. टोकाचं फळ काढायला सगळ्यांचा हात अडतो, कारण तिथलंच आधी रंग धरतं. पण फांदी मोडायला तेच सगळ्यात जास्त कारण होतं.

काढताना फळ चिमटीत धरून बाजूला वळवायचं, दुसऱ्या हाताने स्पर धरून ठेवायचा. सरळ ओढलं तर स्परच निघून येतो आणि त्याबरोबर पुढच्या काही वर्षांची फळं जातात. घट्ट घोसात बारीक टोकाची कात्री बरी. उंच झाडावर काठीच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा बसवून घोसांवर हलके टोले मारतात. काम ओबडधोबड होतं, पण न करण्यापेक्षा कितीतरी बरं.

एवढी फळं जमिनीवर बघून हात थांबतो, म्हणून एक हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत. एका फांदीवर बाजूच्या काड्या धरून 3 मीटर फळणारं लाकूड आहे. दर 3 सेंटीमीटरला एक फळ ठेवलं तर 100 फळं, प्रत्येकी 40 ग्रॅम, म्हणजे 4 किलो. दर 8 सेंटीमीटरला एक ठेवलं तर 37 फळं, प्रत्येकी 65 ग्रॅम धरली तर 2.4 किलो. वजन कमी झालं हे खरं. पण 40 ग्रॅमच्या फळात कोय आणि सालीचा वाटा मोठा, गोडी कमी, आणि एकमेकांना टेकलेल्या फळांतली बरीच सडणार. हातात येणारा खाण्याजोगा माल मोजला तर तफावत खूपच कमी होते, वर पुढच्या वर्षाचं फूल शिल्लक राहतं.

फुलोऱ्यातच फुलं कमी करावीत का? लगडीच्या वर्षाला निश्चित फायदा होतो, कारण निरोप धाडणाऱ्या बिया तयारच होत नाहीत. हाताने चोळून किंवा मऊ ब्रशने निम्मी फुलं झाडता येतात. पण उशिरा गोठवणारी थंडी पडायची शक्यता असेल तर हे करू नका. आपण निम्मी काढली आणि उरलेली थंडीने नेली, तर हाती काहीच राहत नाही.

फांद्या का मोडतात

भार हे निमित्त, खरा दोष बेचक्यात असतो. फांदी खोडाला अरुंद कोनात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी चिकटलेली असेल तर दोघांची साल मध्येच दाबली जाते आणि लाकूड एकजीव होत नाही. वरून सांधा भक्कम दिसतो, आत मात्र नुसती साल असते. 45 ते 60 अंशांचा कोन असलेली फांदी बरंच जास्त वजन पेलते. म्हणून लहान झाडातच, फांदी बोटाएवढी असताना, मध्ये लाकडी चिपाड अडकवून किंवा खाली दोरी बांधून कोन उघडायचा. एका हंगामात लाकूड त्या स्थितीत पक्कं होतं. मनगटाएवढ्या फांदीवर हा प्रयोग केलात तर ती तुमच्या हातातच फाटेल.

दुसरं कारण लांबी. खोडापासून दीड मीटरवर टांगलेले 4 किलो सांध्याला पाऊण मीटरवरच्या 8 किलोंइतकेच ओढतात. त्यामुळे लांब, उघड्या, टोकालाच पानं-फळं असलेल्या फांद्या एखाद्या बळकट बाजूच्या फांदीपर्यंत मागे आणणं हे विरळणीइतकंच महत्त्वाचं.

या हंगामात फळं आधीच लागली आहेत आणि फांदी वाकली आहे, तर:

प्रथम विरळणी, मग टेकू. उलट क्रमाने केलं की टेकू दिल्याच्या समाधानात विरळणी राहून जाते. टेकू दुबेळक्याचा असावा, फांदीच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांशावर द्यावा, आणि दुबेळक्यात जुनी सायकलची ट्यूब किंवा गोणपाट गुंडाळावं. उघडं लाकूड सालीवर घासलं तर जखम होते आणि तिथून डिंक वाहतो. बऱ्याच फांद्या वाकल्या असतील तर खोडालगत एक उंच खांब रोवून त्याच्या माथ्यावरून प्रत्येक फांदीला पट्टा बांधायचा. तार किंवा नायलॉनची बारीक दोरी नको, रुंद पट्टा हवा. फळं उतरली की सगळं सोडायचं. विसरलेली बांधणी दुसऱ्या वर्षी फांदीत रुतलेली सापडते.

फांदी फाटलीच, तर अर्धवट लोंबत ठेवून फळं पिकवायचा मोह टाळा. कोरड्या दिवशी फाटलेल्या भागाच्या मागे, निरोगी लाकडात स्वच्छ काप घ्या. फाटलेल्या सालीच्या चिंध्या राहू देऊ नका. बेचकं नुकतंच थोडं उकललं असेल आणि फांदी झाडाला फार गरजेची असेल, तर वजन उतरवून, दोन्ही भाग जुळवून, आरपार बोल्ट घालून ती वाचवता येते. पण काही तासांत, लाकूड ओलं असताना.

छाटणी कधी

इथे सल्ल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि त्याला कारण हवामान.

जिथे हिवाळा पावसाळी आणि गार असतो तिथे प्लम हिवाळ्यात कापू नये. सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी, कोंड्रोस्टेरियम परप्युरियम, ओल्या गार दिवसांत बीजाणू सोडते आणि ते ताज्या कापातून आत शिरतात. बॅक्टेरियल कँकर या साल कुजवणाऱ्या जिवाणूरोगालाही तोच काळ सोयीचा. अशा ठिकाणी फळत्या झाडाची छाटणी उन्हाळ्यात किंवा फळं उतरताच, कोरड्या हवेत. लहान झाडाला आकार द्यायची छाटणी डोळे फुगून उमलायला लागल्यावर. झाड जागं असलं की काप लवकर भरतो.

जिथे हिवाळा कोरडा असतो तिथे सुप्तावस्थेच्या शेवटी, डोळे फुगायच्या सुमारास छाटणी चालते. त्या वेळी पानं नसल्याने कळ्या मोजता येतात, भार आधीच कमी करता येतो. जपानी जातींसाठी हा मोठा फायदा आहे. तिथेही पावसाची शक्यता असेल तो आठवडा टाळायचा.

पानांवर वरून रुपेरी झाक दिसायला लागली तर एक फांदी कापून बघा. आत तपकिरी डाग असेल तर सिल्व्हर लीफ: डाग संपून पुढे 10 ते 15 सेंटीमीटर निरोगी लाकूड येईपर्यंत कापायचं आणि कापलेलं जाळायचं. अख्खं झाड एकदम रुपेरी झालं आणि लाकडात डाग नसेल तर तो बहुधा पाणी-अन्नाचा ताण असतो. घाईने करवत चालवू नका.

छाटणी कशी

जपानी झाडाला मधून मोकळी, वाटीसारखी रचना मानवते: तीन-चार मुख्य फांद्या, खोडावर वेगवेगळ्या उंचीवरून आणि वेगवेगळ्या दिशांना. युरोपीय उभट जातींना मधला शेंडा ठेवून शंकूसारखी रचनाही चालते.

फळत्या झाडावर क्रम असा. आधी मेलेलं, रोगट, घासणारं लाकूड. मग झाडावरच वाळलेली, काळी पडलेली मागच्या वर्षीची फळं, एकही ठेवायचं नाही, फळसड तिथूनच पुन्हा सुरू होते. मग आतल्या बाजूला सरळ वर गेलेले पानसोट. मग लांबलेल्या फांद्या मागे आणणं. इथवर आल्यावर चार पावलं मागे जाऊन बघा, कारण बऱ्याचदा काम इथेच संपलेलं असतं.

संपलं नसेल तर जपानी झाडावरच्या एक वर्षाच्या काड्या साधारण निम्म्या करायच्या. ठेवायच्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाड, बाहेरच्या दिशेला झुकलेल्या. फार लांब असतील तर शेंड्याकडचा एक-तृतीयांश भाग पानाच्या डोळ्यावर कापायचा. युरोपीय झाडावर काड्यांना हात कमी आणि जुन्या स्परकडे लक्ष जास्त: गाठींसारखे दाट झालेले, सावलीतले, फांदीच्या पोटाला असलेले स्पर काढून प्रत्येक जुडग्यात एक-दोन जोमदार ठेवायचे. म्हाताऱ्या स्परची फळं दरवर्षी लहान होत जातात. म्हणून दर वर्षी झाडाचा थोडा भाग तरुण लाकडाने बदलत राहायचा.

एका हंगामात हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा काढला की पुरे. झाड फार वाढलं असेल तर काम दोन-तीन वर्षांवर पसरा.

मोठी फांदी तीन कापांत काढायची. सांध्यापासून हातभर अंतरावर खालून एक-तृतीयांश काप, त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण काप, आणि मग उरलेला खुंट सांध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं कापलं तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो सडतो. सिकेटर आणि करवत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना 70 टक्के अल्कोहोलने पुसायची. लहान कापांना काही लावायची गरज नाही. मोठ्या कापाला ओल्या हवेत बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही.

आतून मोकळ्या केलेल्या झाडाच्या वरच्या बाजूच्या साली एकदम कडक उन्हात येतात. त्या भाजल्या की चिरतात आणि तिथे खोडकिडा शिरतो. पांढरा पाण्यातला रंग तितक्याच पाण्यात मिसळून त्या बाजूला फासला तर हे टळतं.

पानसोटांचा प्रश्न

मोठी छाटणी केली आणि वरच्या बाजूला झाडूसारखे पानसोट फुटले, तर पुन्हा सगळे बुडापासून काढणं हा सापळा आहे. मुळं तेवढीच आहेत, वरचा भाग कमी झाला, आणि झाड तो भरून काढतं आहे. हिवाळ्यात जितके कापाल तितके परत येतील. कोवळे असताना, बोटभर ते वीतभर झाल्यावर, हाताने खुडून टाका. त्या वेळी लाकूड झालेलं नसतं, बुडातला डोळाही निघून येतो. जिथे फांदी हवी आहे तिथला एखादा ठेवून आडवा वाकवा. वाकवलेली काडी जोर सोडते आणि फळकळ्या धरते. जमिनीतून, कलमाच्या मूळ खुंटापासून येणारे फुटवे मात्र कापायचे नाहीत, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढायचे.

जोम मोजायची एक पट्टी आहे. फळत्या झाडाच्या शेंड्यांची वर्षाची वाढ 25 ते 45 सेंटीमीटर असावी. 60 च्या वर जात असेल तर त्या वर्षी नत्र बंद आणि छाटणी कमी. 15 च्या आत असेल तर झाड दमलं आहे: विरळणी जास्त, खत-पाणी जास्त, जुनं लाकूड कमी.

चक्र मोडायचा क्रम

हंगाम लगडीचा असेल तर पहिली फेरी लवकर आणि निर्दयपणे, वर दिलेल्या अंतरापेक्षाही थोडी जास्त. फळं उतरल्यावर पाणी तोडू नका. कळ्या त्या वेळीही भरत असतात, आणि पानं शेवटपर्यंत हिरवी राहायला हवीत.

लगडीनंतर, म्हणजे रिकाम्या वर्षाच्या आधी, छाटणी जवळजवळ नाही. फक्त मेलेलं आणि मोडलेलं. असलेल्या मोजक्या फुलकळ्या वाचवायच्या. नेमक्या याच वेळी लोक सगळ्यात जास्त कापतात, कारण मोडलेल्या फांद्या डोळ्यांपुढे असतात.

रिकाम्या वर्षी फळं विरळायची नाहीत, नत्र द्यायचं नाही किंवा अगदी कमी. आणि त्या हंगामाच्या शेवटी, पुढच्या लगडीच्या आधी, खरी छाटणी करायची: स्पर विरळ, काड्या निम्म्या. हिवाळा ओला असेल तर हेच काम डोळे उमलताना कोरड्या दिवशी, नखाने कळ्या चोळून किंवा अगदी बारीक काप घेऊन. मग येणाऱ्या लगडीत पुन्हा दोन फेऱ्यांची विरळणी. एका फेऱ्यात चक्र पूर्ण सपाट होईलच असं नाही, पण दोन वर्षांतली तफावत कमी झालेली स्पष्ट दिसते.

झाडं बरीच असतील तर प्रत्येक झाडाचं चक्र वेगळं असू शकतं. एकाच झाडाच्या दोन मुख्य फांद्यासुद्धा आलटून पालटून फळतात. अशा झाडाला एकच सल्ला लावू नका, प्रत्येक फांदी स्वतंत्र झाड समजून वागवा.

विरळणी नीट करूनही फळ बारीक राहत असेल

तर पाणी बघा. शेवटच्या टप्प्यात, फळ फुगत असताना, मुळांच्या भागात हातभर खोलपर्यंत माती ओलसर हवी. वरवर रोज थोडं पाणी देऊन ते होत नाही. कोरड पडू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं, किंवा मोठा पाऊस झाला, तर फळ तडकतं. खोडापासून थोडं अंतर सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन या दोन्हीवर चालतं.

डिंक दिसला तर आधी जागा बघा. डिंकात भुसा मिसळलेला असेल तर खोडकिडा. साल खोलगट, काळपट असेल तर कँकर. टेकू घासलेल्या किंवा कापलेल्या जागी स्वच्छ, पारदर्शक डिंक असेल तर ती साधी जखम, कोरड्या हवेत आपोआप थांबते.